सुताराचा वाफारा, जीनगराची सुई

वाचकांचे प्रश्न : नामवंत डिझाइन ब्रँडची मुळं

प्रसिद्ध ब्रँडच्या संस्थापकांविषयी आलेल्या पत्रांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा होता : इतक्या हलाखीतून ही माणसं एवढी मोठी कशी झाली? हलाखी खरीच होती, पण तेवढ्यानं फारसं काही उलगडत नाही. गरीब मुलं त्या काळी गल्लोगल्ली होती. यांच्या हातात कोणता धंदा होता आणि त्या धंद्यात नेमकं कुठं अडत होतं, हे पाहिलं की त्यांची वस्तू तशीच का झाली ते कळतं. म्हणून उत्तरं देताना माणसाइतकंच वस्तूकडेही पाहिलं आहे.

प्रश्न : लुई व्हिटॉन चालत पॅरिसला गेला ही गोष्ट खरी का? आणि पेट्या करणारे पॅरिसमध्ये कितीतरी असतील, मग याचंच नाव का झालं?

गोष्ट खरी आहे. फ्रान्सच्या पूर्वेकडचा ज्युरा हा डोंगराळ भाग, तिथलं आँशे हे त्याचं गाव. १८३५ मध्ये, तेराव्या वर्षी, त्यानं घर सोडलं. पॅरिस तिथून साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. वाटेत मिळेल ते काम करत, मुक्काम करत तो १८३७ मध्ये पोचला आणि रोमाँ मारेशाल नावाच्या पेटीवाल्याकडे उमेदवारीला लागला.

‘पेटीवाला’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर खिळे ठोकणारा माणूस येतो. तेव्हाचा हा धंदा याहून बराच मोठा होता. गिऱ्हाइकाच्या घरी जायचं, सामान पाहायचं, त्या मापाची पेटी करायची आणि सामान स्वतः भरून द्यायचं, इथपर्यंत सगळं पेटीवाल्याकडे. १८५० च्या दशकात श्रीमंत बायकांचे घेरदार पोशाख इतके फुगीर झाले होते की एकेका पोशाखाला वारच्या वार कापड लागे. तो न चुरगळता पेटीत बसवणं ही कला होती. फ्रान्सची सम्राज्ञी युजेनी हिचे कपडे भरण्याचं काम व्हिटॉनकडे आलं ते याच हातोटीमुळे. १८५४ मध्ये त्यानं स्वतःचं दुकान काढलं, तेव्हाही नाजूक वस्तू आणि कपडे नीट भरून देणारा अशीच त्यानं आपली ओळख करून दिली होती.

आता पेटीकडे या. तोपर्यंत प्रवासी पेट्यांची झाकणं घुमटाकार असत. सामान घोडागाडीच्या टपावर जायचं, पाऊस लागला तर पाणी ओघळून जावं एवढाच त्या घुमटाचा उपयोग. पण आगगाडी आणि आगबोट आली तसं सामान डब्यात आणि तळघरात रचायची वेळ आली. घुमटावर दुसरी पेटी ठेवता येत नाही. १८५८ मध्ये व्हिटॉननं झाकण सपाट केलं. सांगायला एक ओळ, करायला अवघड. झाकण सपाट झालं की पाणी वर साठतं आणि सांध्यांतून आत उतरतं. त्यामुळे पेटीवर काय चढवायचं याचा आधी विचार करावा लागला. त्यानं हलक्या पण चिवट पॉप्लर लाकडाचा सांगाडा घेतला, त्यावर पाणी न शिरणारं राखाडी कॅनव्हास चिकटवलं, आणि कडा-कोपरे धातूच्या पट्ट्यांनी बांधून काढले. धक्का बसतो तो कोपऱ्यावर, आणि कापड सुटायला लागतं तेही तिथूनच.

जुन्या कॅनव्हासच्या पेट्या पाहायला मिळाल्या तर आधी कोपरे आणि तळाच्या कडा पाहा. दमट हवेत लाकूड फुगतं, कोरड्या हवेत आकसतं; कापड मात्र त्याच्याबरोबर हलत नाही, म्हणून ते कडेला उचललं जातं. अशी पेटी ओल्या फडक्यानं पुसणं किंवा चकाकी यावी म्हणून वॉर्निश लावणं, दोन्ही घातक.

कुलपाचं श्रेय त्याला आणि त्याच्या मुलाला मिळून जातं. १८८६ पासून त्यांनी एकाच कुलपाची पद्धत आणली. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या किल्लीला क्रमांक, आणि त्याच्या सगळ्या पेट्यांना ती एकच किल्ली चालायची. आणि ज्या अक्षरांच्या नक्षीवरून आज हा ब्रँड ओळखला जातो, ती मुलानं, म्हणजे जॉर्जनं, १८९६ मध्ये आणली, नकली माल फार वाढला म्हणून. लुई १८९२ मध्येच वारला होता. ती नक्षी त्यानं पाहिलीच नाही.

प्रश्न : जुन्या कॅफेंमध्ये दिसणारी वाकवलेल्या लाकडाची खुर्ची कुणाची? आम्ही वाफेवर लाकूड वाकवून पाहिलं, पण दर वेळी ते बाहेरच्या बाजूनं फुटतं. काय चुकतं?

तुमचं लाकूड जिथं फुटतं, तिथंच या खुर्चीच्या कर्त्याचंही घोडं अडलं होतं.

मिखाएल टोनेट, जन्म १७९६, जर्मनीतलं ऱ्हाईनकाठचं बोपार्ड गाव, बाप कातडी कमावणारा. १८१९ मध्ये त्यानं सुतारकामाचा छोटा कारखाना टाकला. कोरीव काम करून खुर्चीला बाक द्यायचा तर लाकूड वाया जातं आणि रेषा आडव्या कापल्या गेल्यामुळे तो भाग कमजोर होतो. म्हणून १८३० च्या दशकात त्यानं लाकडाच्या पातळ पट्ट्या गरम सरसात भिजवून, साच्यावर वाकवून, एकावर एक चिकटवायला सुरुवात केली. खुर्च्या देखण्या झाल्या, पण धंदा कर्जात गेला आणि सावकारांनी मालमत्तेवर टाच आणली. ऑस्ट्रियाचा मुत्सद्दी मेटरनिख यानं त्याचं काम प्रदर्शनात पाहून व्हिएन्नाला बोलावलं, म्हणून १८४२ मध्ये तो तिकडे गेला. पुढं १८५३ मध्ये त्यानं कारखाना मुलांच्या नावे केला.

सरसाच्या खुर्च्यांचं दुखणं वेगळं होतं. उष्ण, दमट हवेत सरस मऊ पडायचा आणि पट्ट्या सुटायच्या. परदेशी माल पाठवायचा तर सरस काढून टाकणं भाग होतं. म्हणजे अख्खा दांडाच वाकवायला हवा, आणि अख्खा दांडा वाकवला की बाहेरून फुटतो.

कारण असं. वाफेनं मऊ झालेलं लाकूड लांबीच्या दिशेनं दाबलं तर पंचवीस-तीस टक्क्यांपर्यंत आकसू शकतं. ताणलं तर मात्र एक-दोन टक्क्यांतच तुटतं. दांडा वाकवताना आतली बाजू दाबली जाते आणि बाहेरची ताणली जाते. फुटते ती बाहेरची. टोनेटनं दांड्याच्या बाहेरच्या बाजूला पोलादी पट्टी लावली आणि ती दोन्ही टोकांना घट्ट अडकवली. पट्टी ताणत नाही, त्यामुळे लाकडाची बाहेरची बाजूही ताणली जाऊ शकत नाही. सगळा फरक आतल्या बाजूला दाबून भरून निघतो, आणि दाब सोसणं लाकडाला जमतं. १८५६ मध्ये अख्ख्या लाकडाच्या वाकवणीचा हक्क त्याला मिळाला आणि पुढच्याच वर्षी मोराव्हियातल्या (आजच्या चेकियातल्या) कोरिचानीला कारखाना सुरू झाला. जागा निवडली ती भोवतालच्या बीच झाडांच्या जंगलासाठी.

तुमच्यासाठी कृती. लाकूड सरळ रेषेचं, गाठ नसलेलं घ्या. भट्टीत वाळवलेलं नको. उघड्या हवेत अर्धवट सुकलेलं, साधारण वीस-पंचवीस टक्के ओल राहिलेलं हवं. जाडीच्या दर २५ मिलिमीटरला एक तास वाफ द्या. पोलादी पट्टी लाकडाच्या रुंदीइतकी, एक ते दीड मिलिमीटर जाड, आणि तिच्या दोन्ही टोकांना भक्कम ठोकळे. लाकूड वाफेतून काढल्यापासून मिनिटाभराच्या आत साच्यावर बसलंच पाहिजे, म्हणून पट्टी, पकडी, हातमोजे सगळं आधीच मांडून ठेवा आणि एकदा कोरडी तालीम करा. बाक सलग, एका दमात द्या. मधे थांबलात की तिथं कोन पडतो.

टोकाचे ठोकळे सैल राहिले तर लाकूड बाहेरून फुटेल, आणि तुमचं हेच होत असावं. ठोकळे फार आवळले तर आतल्या बाजूला सुरकुत्या पडतील. वाकवल्यावर पकडीतच पूर्ण सुकू द्या. घरगुती कामात आठवडाभर तरी. घाई केली तर दांडा परत उघडतो. थोडा तर तो तसाही उघडतोच, म्हणून साचा हव्या त्या आकारापेक्षा किंचित जास्त बाकाचा करा.

१८५९ ची त्याची क्रमांक १४ ची खुर्ची म्हणजे लाकडाचे ६ भाग, १० स्क्रू आणि २ नट. सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत. १९३० पर्यंत अशा पाच कोटी खुर्च्या खपल्या होत्या. मागचे दोन पाय आणि पाठीची कमान एकाच दांड्याची असते. पुढच्या वेळी अशी खुर्ची दिसली तर जमिनीपासून बोट फिरवत वर जा आणि पलीकडून खाली या. वाटेत एकही सांधा लागत नाही.

प्रश्न : ब्रँडवर ज्याचं नाव, तोच त्याचा डिझायनर असतो का?

पुष्कळदा नाही. हर्मन मिलर या अमेरिकी फर्निचर कंपनीतल्या हर्मन मिलरनं खुर्ची काढली नाही. तो कंपनीच्या मालकाचा सासरा. मिशिगनमधल्या झीलंडच्या एका फर्निचर कंपनीत डी. जे. डी प्री कारकून म्हणून लागला. १९२३ मध्ये सासऱ्याच्या मदतीनं त्यानं कंपनी घेतली आणि उपकाराची जाण म्हणून सासऱ्याचं नाव दिलं.

आदिदास हे आडनाव नाही. आदी डास्लर या नावाची ती जोड आहे. त्याचा भाऊ रुडॉल्फ, तो प्यूमाचा. दोघांनी हेर्त्सोगेनआउराख गावात आईच्या धुलाईच्या खोलीत बूट करायला सुरुवात केली होती. १९४८ मध्ये वेगळे झाले. लेगो हे तर माणसाचं नावच नाही. डॅनिश भाषेत ‘लेग गोट’ म्हणजे छान खेळ. बिलुंडचा सुतार ओले किर्क क्रिश्चनसन यानं १९३४ मध्ये ते घेतलं. मंदीत घरबांधणीची कामं थांबली म्हणून तो १९३२ पासून लाकडी खेळणी करत होता. त्याचं लाकडी बदक तीन हात वॉर्निश देऊन विकलं जाई. मुलानं एकदा दोनच हात देऊन पैसे वाचवले, तर बापानं त्याला स्टेशनवर पाठवून खोकी परत आणवली आणि तिसरा हात द्यायला लावला.

प्रश्न : ‘१८३७ पासून’ असं एर्मेसच्या नावाबरोबर येतं. एवढ्या जुन्या काळी या बॅगा होत्या का? त्यांच्या हातशिवणीविषयीही सांगा, मी चामड्याचं काम शिकते आहे.

बॅगा नव्हत्या. स्थापनेचं वर्ष वाचताना तेव्हा विकत काय होते हे आधी पाहावं. दागिन्यांसाठी नावाजलेल्या टिफनीचंही वर्ष १८३७ च आहे, पण न्यूयॉर्कचं ते दुकान कागद, लेखनसाहित्य आणि शोभेच्या वस्तूंचं होतं, आणि पहिल्या दिवशी तिथं ४ डॉलर ९८ सेंटची विक्री झाली.

तिएरी एर्मेसचा जन्म १८०१ मध्ये क्रेफेल्डचा. तो जीनगर होता. १८३७ मध्ये पॅरिसला त्यानं जो कारखाना काढला तो घोड्याच्या साजाचा. लगाम, पट्टे, गळपट्टे. बॅगांचा व्यवसाय मोटारी आल्यावर, नातवाच्या काळात वाढला, आणि रेशमी रुमाल तर १९३७ मधला, बरोबर शंभर वर्षांनंतरचा. पण टाका मात्र साजाचाच राहिला. लगाम धावत्या घोड्यावर उसवला तर माणूस जिवानिशी जातो, म्हणून जीनगरांचा टाका असा असतो की एक तुटला तरी शेजारचे टिकावेत.

मशिनच्या टाक्यात वरचा आणि खालचा असे दोन दोरे चामड्याच्या मधोमध एकमेकांत अडकतात. एक तुटला की दुसऱ्याला धरायला काही उरत नाही आणि ओळ सैल होत जाते. जीनटाक्यात दोरा एकच, सुया दोन, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही टोकं समोरासमोरून जातात.

जवसाच्या वाखाचा म्हणजे लिननचा दोरा शिवणीच्या लांबीच्या चौपट घ्या. चामडं जाड असेल तर आणखी वीतभर. मधमाशीच्या मेणावरून दोन-तीनदा ओढा. मेणानं दोरा भोकात धरून राहतो आणि पाणी कमी पितो. फार मेण झालं तर गोळे टाक्याशी साचतात, ते फडक्यानं पुसून काढा. दोन्ही टोकांना बोथट सुया ओवा. बोथटच, कारण भोक पाडायचं काम आरीचं आहे; अणकुचीदार सुई आधीच्या दोऱ्यात घुसते.

काम लाकडी चिमट्यात गुडघ्यांमध्ये धरा. खुणा दातेरी हत्यारानं आधी पाडून घ्या, मग पत्त्यांतल्या चौकटसारख्या टोकाची आरी प्रत्येक खुणेवर त्याच तिरक्या कोनात. आरीचा दांडा वर-खाली झाला तर पुढून शिवण सरळ दिसेल आणि मागून वेडीवाकडी. सर्वाधिक कामं बिघडतात ती इथं. पहिल्या भोकातून सुई घालून दोरा मधोमध आणा. पुढच्या भोकात डावी सुई आधी घातली तर शेवटपर्यंत डावीच आधी. दुसरी सुई घालताना पहिला दोरा जरा मागे ओढून बाजूला धरा, म्हणजे सुई त्याला भोसकणार नाही. भोसकलाच तर तो टाका कधीच आवळला जात नाही. तिथंच सुई मागे काढून पुन्हा घाला. दोन्ही हातांनी सारखा ताण द्या. शेवटी दोन-तीन भोकं उलट शिवून दोरा चामड्यालगत कापा आणि शिवणीवरून हलक्या हातानं हातोडी फिरवा.

पहिले काही हात तरी रंगाच्या विरुद्ध दोऱ्यानं शिवा. चूक लपत नाही.

प्रश्न : जीन्सवाल्या लेव्ही स्ट्रॉसनं सोन्याच्या खाणीतल्या मजुरांसाठी तंबूच्या कापडाच्या पँट शिवल्या, ही कथा बरोबर आहे का?

नाही. १९०६ च्या भूकंपात आणि आगीत कंपनीचं सॅन फ्रान्सिस्कोतलं दप्तर जळालं, आणि पुढं त्या रिकाम्या जागी ही गोष्ट वाढली. लेव्ही स्ट्रॉस बव्हेरियातून अमेरिकेला आलेला, १८५३ पासून सॅन फ्रान्सिस्कोत कापडचोपडाचा घाऊक व्यापारी. शिंपी तो नव्हताच.

शिंपी होता जेकब डेव्हिस, नेवाडातल्या रीनो गावचा. एका लाकूडतोड्याची बायको नवऱ्यासाठी न फाटणारी पँट मागायला आली. डेव्हिस घोड्यांच्या झुलींना पट्टे जोडायला तांब्याचे रिव्हेट, म्हणजे ठोकून चपटे करायचे खिळे, वापरायचा, तेच त्यानं खिशांच्या कोपऱ्यांवर ठोकले. पँटना मागणी वाढली, नक्कल होईल अशी भीती वाटली. पेटंटची फी ६८ डॉलर. १८७२ मध्ये त्यानं ज्याच्याकडून कापड घेत होता त्या स्ट्रॉसला पत्र लिहिलं आणि भागीदारी मागितली. २० मे १८७३ रोजी १३९१२१ क्रमांकाचं पेटंट मिळालं. पुढं कारखान्यातलं उत्पादन डेव्हिसच पाहत होता, पण नाव राहिलं व्यापाऱ्याचं. आम्हाला ही खरी हकीकत तंबूच्या कथेपेक्षा कितीतरी मोलाची वाटते, कारण तिच्यात रिव्हेट कुठून आला हे कळतं.

खिसा फाटतो तो शिवण जिथं संपते त्या बिंदूपासून. सगळा ताण शेवटच्या टाक्यावर येतो. रिव्हेट तो ताण भोवतीच्या कापडावर पसरवतो आणि थर एकमेकांवर दाबून धरतो. मात्र रिव्हेटखाली कापडाचे तीन-चार थर नसतील तर तो स्वतःच गोल भोक पाडून निघून येतो. कडा दुमडूनच ठोका. दोषही होतेच : मागच्या खिशांचे रिव्हेट खोगिरं आणि खुर्च्या ओरखडायचे, म्हणून १९३७ मध्ये ते कापडाखाली झाकले गेले.

प्रश्न : उंच पाचरीसारख्या टाचेचा बूट नुसत्या फॅशनमधून आला का?

तो पोलादाच्या टंचाईतून आला. साल्वातोरे फेरागामो, जन्म १८९८, नेपल्सजवळचं बोनितो गाव, चौदा भावंडांतला अकरावा. अमेरिकेत जाऊन त्यानं सिनेमावाल्यांसाठी बूट केले आणि पाय का दुखतात हे कळावं म्हणून लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात शरीररचनेचे वर्ग केले. तिथं त्याला उमगलं की उभ्या माणसाचा भार पायाच्या कमानीवर ओळंब्यासारखा सरळ उतरतो, आणि बुटात नेमका त्या कमानीलाच आधार नसतो. मग तो फर्म्यात कमानीखाली आधार देऊ लागला. उंच टाचेच्या बुटात हा आधार म्हणजे तळव्यात दडवलेली पोलादी पट्टी.

१९२७ मध्ये तो फ्लॉरेन्सला परतला. इथिओपियावरच्या हल्ल्यामुळे १९३५ च्या अखेरीस इटलीवर आर्थिक निर्बंध आले आणि चांगलं पोलाद मिळेना. हलक्या पोलादाच्या पट्ट्या पायाखाली मोडू लागल्या. पट्टी हवी कशाला, तर टाच आणि चवडा यांच्यामधली पोकळी तोलून धरायला. त्यानं ती पोकळीच भरून टाकली, सार्डिनियातल्या कॉर्कचे तुकडे चिकटवून, तासून. कॉर्क हलका, दाबला तर परत उसळतो, आणि इटलीतच मिळायचा. पोकळी भरल्यावर पट्टीची गरजच उरली नाही.

घरी असे बूट असतील तर कॉर्क उघडा पडलेली कड पाहत जा. तिथून कण झडू लागले की लगेच भरून घ्यावं. भार सगळा त्याच्यावर असतो.

प्रश्न : नाईकीच्या बुटाचा पहिला तळवा वॉफलच्या, म्हणजे चौकोनी खड्ड्यांच्या भाजलेल्या केकच्या, साच्यात केला म्हणतात. घरातल्या भांड्यात असं रबर ओतता येतं?

ओतता येतं, निघत नाही. १९७१ मध्ये ओरेगॉनचे धावण्याचे प्रशिक्षक आणि कंपनीचे सहसंस्थापक बिल बॉवरमन यांनी बायकोच्या वॉफलच्या साच्यात युरेथेन, म्हणजे घट्ट झाल्यावर रबरासारखं होणारं द्रव्य, ओतलं. साच्याला आधी काही लावलं नव्हतं, त्यामुळे दोन्ही पाती एकमेकांना कायमची चिकटली. युरेथेन घट्ट होताना धातूला धरतं; त्यासाठी साचा सुटवणारं मेण किंवा सिलिकॉन आधी सर्व खाचांत पोचलं पाहिजे आणि त्याचा थर पातळ, सलग हवा. दुसरी अडचण आकाराची : साच्यातून वॉफलसारखे खड्डे निघतात, तळव्याला हवेत उंचवटे. म्हणून आधी हव्या त्या उंचवट्यांचा नमुना करायचा आणि मग त्यावरून उलटा साचा घ्यायचा. स्वयंपाकाचं भांडं एकदा यासाठी वापरलं की पुन्हा अन्नाला वापरू नका.